पेशींचे निरोप, शरीराचे निर्णय

रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. साध्या तापापासून सांध्यांच्या झिजेपर्यंत आणि जखम भरून येण्यापासून कोविडमधील मृत्यूपर्यंत अनेक गोष्टी या संभाषणावर अवलंबून असतात. 'सायटोकाइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निरोप्या रेणूंची ही ओळख.

ताप येतो, अंग ठणकते, जेवणावरची वासना उडते आणि अंथरुणातून उठू नये असे वाटते. फ्लू असो, हिवताप असो की घशाचा संसर्ग असो, आजाराची सुरुवात बहुधा अशीच होते. जंतू निराळे, त्यांचा शरीरात शिरण्याचा मार्ग निराळा, तरी पहिली लक्षणे मात्र सारखी. याचे कारण असे, की ही लक्षणे मुख्यतः जंतूंनी निर्माण केलेली नसतात. शरीराच्याच पेशींनी परस्परांना धाडलेल्या रासायनिक निरोपांचा तो परिणाम असतो.

कोविडच्या साथीत 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. त्याच सुमारास प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या यांनी दुकाने भरून गेली. एकीकडे प्रतिकारशक्ती कमी पडल्याने माणसे आजारी पडतात असे सांगितले जात होते आणि दुसरीकडे तीच अनावर झाल्याने रुग्ण दगावतात असेही ऐकू येत होते. सामान्य वाचकाचा गोंधळ उडावा अशीच ही परिस्थिती होती. या गोंधळाचे मूळ 'शक्ती' या शब्दात आहे. रोगप्रतिकार ही पाण्याच्या टाकीसारखी भरण्याची किंवा रिकामी होण्याची वस्तू नाही. कोणता निरोप, कोणत्या पेशीला, किती प्रमाणात गेला आणि तो वेळेवर थांबला की नाही, यावर तिचे यशापयश ठरते.

निरोप्या रेणूंचे स्वरूप

रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पेशींना कोणी एक सेनापती नाही आणि त्यांचे एकच एक ठाणेही नाही. रक्त, अस्थिमज्जा, प्लीहा, लसीका ग्रंथी, त्वचा, आतड्याचे अस्तर अशा सर्वत्र त्या विखुरलेल्या असतात. अशा विखुरलेल्या पेशींना एकदिलाने काम करायचे, तर त्यांच्यात संपर्काची काही व्यवस्था हवी. ही व्यवस्था सायटोकाइन पुरवतात.

सायटोकाइन ही लहान आकाराची प्रथिने आहेत. एरवी बहुतेक पेशी ती अत्यल्प प्रमाणात बनवतात किंवा बनवतच नाहीत. गरज पडली की संबंधित जनुक कार्यरत होते, प्रथिन तयार होते आणि पेशीबाहेर सोडले जाते. ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनासाठी नेमका 'ग्राही' असतो, तिलाच निरोप कळतो. शेजारच्या पेशीवर तो ग्राही नसेल, तर तिच्या लेखी निरोप आलेलाच नसतो. कुलूप आणि किल्ली यांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. किल्ली बसली की ग्राहीच्या आतल्या बाजूची विकरे कामाला लागतात आणि संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. तेथे काही जनुके चालू होतात, काही बंद होतात. परिणामी पेशी विभाजित होऊ लागते, आपली जागा सोडून निघते, मारक द्रव्ये सोडते किंवा प्रसंगी स्वतःचा अंत घडवून आणते.

या रेणूंचे प्रमाण विलक्षण अल्प असते. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन जेमतेम काही पिकोग्रॅम आढळते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. गंभीर जंतुसंसर्गात हेच प्रमाण शेकडो, कधी कधी हजारो पटींनी वाढते. बहुतेक निरोप जवळच्या जवळ दिले जातात. काही मात्र रक्तात मिसळून मेंदू, यकृत आणि अस्थिमज्जा अशा दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतात.

या भाषेची तीन वैशिष्ट्ये आहेत. एकाच सायटोकाइनचा अर्थ निरनिराळ्या पेशी निरनिराळा लावतात. अनेक सायटोकाइन एकच काम करू शकतात, त्यामुळे एक मार्ग बंद झाला तरी दुसरा उघडा राहतो. आणि दोन सायटोकाइन एकत्र आले, तर त्यांचा परिणाम केवळ बेरजेइतका नसतो. तो कधी कैक पटींनी वाढतो, तर कधी एक दुसऱ्याला निष्प्रभ करतो. वाक्यात शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांनी ठरावा, तसेच हे आहे.

सोयीसाठी सायटोकाइनची काही घराणी मानली जातात. श्वेतपेशींमधील संवाद साधणारी इंटरल्यूकिन त्यांच्या क्रमांकांनी ओळखली जातात आणि हे क्रमांक आता चाळिशीपर्यंत पोहोचले आहेत. विषाणूंना अटकाव करणारी इंटरफेरॉन, दाह पेटवणारा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हणजेच टीएनएफ, पेशींना वाट दाखवणारी केमोकाइन आणि अस्थिमज्जेला नव्या पेशी बनवण्यास सांगणारे वृद्धिघटक ही इतर घराणी. केमोथेरपीनंतर कर्करुग्णाच्या पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून जी इंजेक्शने दिली जातात, ती या शेवटच्या घराण्यातील आहेत.

शोधाची कहाणी

रोगप्रतिकाराचे काम पेशी करतात की रक्तातील द्रव्ये करतात, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद होता. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह पेशींच्या बाजूचे, तर जर्मनीचे पॉल अर्लिख रक्तातील द्रव्यांच्या बाजूचे. १९०८ साली नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यात आले. पेशी आणि द्रव्ये यांना जोडणारा दुवा मात्र त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने हाती लागला.

जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्ये विषाणूला रोखणाऱ्या एका घटकाची नोंद केली होती. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला. त्या पडद्यातून बाहेर पडलेल्या द्रवाने दुसऱ्या पडद्यातील पेशींचे जिवंत विषाणूपासून रक्षण केले. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारा हा पदार्थ, म्हणून त्याचे नाव इंटरफेरॉन.

पुढील दोन दशकांत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी असे अनेक पदार्थ शोधले आणि प्रत्येकाने आपल्या पदार्थाला वेगळे नाव दिले. ताप आणणारा पदार्थ, पेशी वाढवणारा पदार्थ, दाह निर्माण करणारा पदार्थ अशी ही नावे होती आणि अनेकदा एकाच पदार्थाला तीन-चार नावे मिळत. 'सायटोकाइन' ही व्यापक संज्ञा स्टॅन्ली कोहेन यांनी १९७४ मध्ये मांडली. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथे भरलेल्या बैठकीत 'इंटरल्यूकिन' हे नाव ठरले आणि गोंधळ काहीसा आवरला.

टीएनएफची कथा या गोंधळाचा उत्तम नमुना आहे. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम कोली कर्करुग्णांना जिवाणू टोचत. काहींच्या गाठी त्यामुळे विरघळत, पण का ते कळत नव्हते. १९७५ मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांच्या रक्तातून गाठ मारणारा घटक शोधला, तोच टीएनएफ. दुसऱ्या बाजूला ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी हे दीर्घ आजारात प्राणी खंगत का जातात याचा शोध घेत होते. त्यांनी शोधलेला खंगवणारा पदार्थ आणि कर्करोगाची गाठ मारणारा पदार्थ हे एकच असल्याचे १९८५ मध्ये सिद्ध झाले. गाठीला मारणारा आणि देहाला झिजवणारा रेणू एकच, ही गोष्ट पुढील सर्व संशोधनाची जणू नांदी ठरली.

काटा रुततो तेव्हा

पायात गंजका काटा रुतला, की त्वचेखाली वावरणाऱ्या महाभक्षी पेशींना जिवाणूंची चाहूल लागते. जंतूंच्या आवरणातील ठरावीक रचना ओळखणारे ग्राही या पेशींवर असतात. अशा ओळखीमुळे प्रतिकाराची सुरुवात कशी होते, हे उलगडल्याबद्दल बॉयटलर आणि ज्यूल हॉफमन यांना २०११चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यासह राल्फ स्टाइनमन यांनाही ते प्रतिकारयंत्रणेतील डेन्ड्रायटिक पेशींच्या शोधासाठी देण्यात आले.

धोका ओळखताच महाभक्षी पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि केमोकाइन सोडतात. टीएनएफमुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांचे अस्तर सैल होते. त्यामुळे ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. केमोकाइनचा माग काढत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे जमा होतात. जखमेतील पू म्हणजे बहुतांशी याच पेशींचा खच.

काही निरोप रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रात त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होते आणि शरीराचे ठरावीक तापमानच वर सरकते. पॅरासिटामॉलची गोळी हे द्रव्य बनू देत नाही. ताप उतरतो तो यामुळे. गोळीने जंतू मरत नाहीत. इंटरल्यूकिन-६चा निरोप यकृताला मिळाला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन बनवू लागते. पॅथॉलॉजीच्या अहवालातील 'सीआरपी' तो हाच. वाढलेला सीआरपी पाहून डॉक्टर अप्रत्यक्षपणे या निरोपाचाच आवाज मोजत असतात.

दरम्यान, डेन्ड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन नजीकच्या लसीका ग्रंथीकडे जातात. पायाच्या जखमेनंतर जांघेत जी दुखरी गाठ येते, जिला बोलीत अवधाण म्हणतात, ती या ग्रंथीतील धामधुमीची खूण. तेथे जंतूचा तुकडा नेमका ओळखणारी टी पेशी सापडावी लागते. मात्र ओळख पटणे पुरेसे नसते. धोका खरा आहे, याची ग्वाही देणारा दुसरा संकेत लागतो आणि पुढे काय करायचे हे सांगणारा तिसरा संकेत सायटोकाइनच्या रूपाने येतो.

या तिसऱ्या संकेताचे महत्त्व १९८६ मध्ये टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांतून दाखवून दिले. साहाय्यक टी पेशी एकाच प्रकारच्या नसून त्या सोडत असलेल्या सायटोकाइननुसार त्यांचे निदान दोन प्रकार पडतात. इंटरल्यूकिन-१२ मिळाले तर टी पेशी पहिल्या प्रकारची होते आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडून महाभक्षी पेशींना अधिक मारक बनवते. क्षयासारख्या, पेशींच्या आत दडणाऱ्या जंतूंसाठी हा प्रतिसाद योग्य. इंटरल्यूकिन-४ मिळाले तर ती दुसऱ्या प्रकारची होते आणि जंतांशी लढणारा प्रतिसाद उभा राहतो. हाच दुसरा प्रतिसाद जंतांऐवजी धूळ, परागकण किंवा शेंगदाणा यांच्याविरुद्ध उभा राहिला, तर दमा आणि ॲलर्जी होते. बुरशी आणि काही जिवाणूंसाठी तिसरा, इंटरल्यूकिन-१७वर आधारलेला प्रकार नंतर, २००५च्या सुमारास स्पष्ट झाला. सोरायसिसमध्ये हाच प्रतिसाद वाट चुकलेला असतो.

एक जंतू, दोन आजार

निरोपाने निकाल कसा बदलतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे मराठी माणसाला हा रोग अपरिचित नाही. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

या रोगाचा जंतू एकच आहे, पण रोगाची रूपे मात्र दोन टोकांची आहेत. एका रूपात अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा उमटतो आणि त्यात जंतू शोधूनही क्वचितच सापडतात. दुसऱ्या रूपात त्वचेवर गाठी येतात, चेहरा जाड होतो आणि त्वचेत जंतू अक्षरशः कोट्यवधींनी असतात. जंतू तोच असताना हा फरक का पडावा, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. १९९१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मॉडलिन, बॅरी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतील सायटोकाइन तपासली. पहिल्या प्रकारात इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा ठळकपणे आढळली. दुसऱ्यात इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१० यांचे प्राबल्य होते.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाची प्रतिकारयंत्रणा झोपलेली नसते. त्याच्या रक्तात कुष्ठजंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. पण जंतू पेशींच्या आत आणि प्रतिपिंडे बाहेर, त्यामुळे ती निरुपयोगी ठरतात. शक्ती आहे, पण ती चुकीच्या दिशेने खर्च होते.

अशाच रुग्णांपैकी काहींना उपचारांदरम्यान अचानक ताप येतो आणि अंगभर लाल, वेदनादायक गाठी उठतात. या वेळी टीएनएफचे प्रमाण वाढलेले असते. गर्भावरील भयंकर परिणामांमुळे १९६०च्या दशकात बदनाम झालेले थॅलिडोमाइड हे औषध या त्रासावर गुणकारी ठरते. त्यामागचे एक कारण म्हणजे ते टीएनएफची निर्मिती रोखते, असे १९९१ मध्ये दिसून आले. अर्थात गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत या औषधावरील निर्बंध अत्यंत कडक आहेत.

निरोप पोहोचलाच नाही तर

भारतात नवजात बालकांना क्षयप्रतिबंधक बीसीजी लस दिली जाते. या लशीतील दुबळा जंतू बहुतेक बालकांना काहीही अपाय करीत नाही. मात्र अगदी थोड्या बालकांमध्ये तोच जंतू अंगभर पसरून जीवघेणा ठरतो. याचे एक कारण १९९६ मध्ये उलगडले. अशा काही बालकांच्या पेशींवर इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहीच जन्मतः सदोष असतो. टी पेशी निरोप देतात, पण महाभक्षी पेशींना तो ऐकू येत नाही. जंतू गिळला जातो, पण मारला जात नाही. ग्राही पूर्णतः निकामी असेल, तर बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा टोचूनही उपयोग होत नाही. ज्यांच्यात ग्राही चांगला असून इंटरफेरॉनची निर्मितीच कमी पडते, त्यांना मात्र याच इंजेक्शनाचा लाभ होतो. दोष निरोपात आहे की तो ऐकण्यात, यावर उपचार ठरतो.

कोविडमध्येही असे काही घडत असल्याचे २०२० मध्ये दिसले. ज्याँ-लॉराँ कासानोव्हा यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने कोविडमुळे प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. या १०१ जणांपैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांमध्ये मात्र अशी प्रतिपिंडे एकातही सापडली नाहीत. म्हणजे साथीत ज्यांची प्रकृती अचानक ढासळली, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात धोक्याची पहिली घंटाच दाबली गेली होती.

आणि थांबलाच नाही तर

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात एका नव्या औषधाची माणसांवरील पहिली चाचणी घेण्यात आली. टीजीएन१४१२ हे त्याचे नाव. टी पेशींवरील सीडी२८ या रेणूला थेट चालना देणारे हे प्रतिपिंड संधिवात आणि रक्ताच्या कर्करोगावर उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी सहा जणांना औषध आणि दोघांना निष्क्रिय द्रव देण्यात आला. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच ही मात्रा होती. तरीही सुमारे दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, थंडी, ताप आणि उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब कोसळला आणि एकामागून एक अवयव निकामी होऊ लागले. रक्तातील सायटोकाइनची पातळी प्रचंड वाढली होती. अतिदक्षता विभागातील उपचारांमुळे सहाही जण वाचले, पण एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली.

माकडांवर हा परिणाम का दिसला नाही, याचे उत्तर नंतर मिळाले. माणसात ज्या अनुभवी टी पेशींनी हे वादळ उठवले, त्याच प्रकारच्या पेशींवर त्या माकडांमध्ये सीडी२८ नव्हताच. या घटनेनंतर माणसांवरील पहिल्या चाचणीचे नियम युरोपात कडक झाले. स्वयंसेवकांना एकाच वेळी औषध न देता ठरावीक अंतराने देण्याचा आग्रह तेव्हापासून धरला जाऊ लागला.

कोविडच्या गंभीर रुग्णांमध्ये विषाणूचा पहिला जोर ओसरल्यानंतरही फुप्फुसातील दाह चालूच राहत असे. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जून २०२०मध्ये जाहीर झाले. डेक्सामिथासोन या स्वस्त आणि जुन्या स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. स्टेरॉइड अनेक सायटोकाइनची निर्मिती एकाच वेळी दाबते. दाह अनावर झाला असताना ते तारक ठरते. विषाणूशी लढाई चालू असताना तेच मारक ठरू शकते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीच्या आजाराचे हजारो रुग्ण आढळले. अनियंत्रित मधुमेहाला स्टेरॉइडच्या अवाजवी वापराची जोड मिळणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते.

विराम देणाऱ्या पेशी

लढाई संपवण्याचेही निरोप असतात. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही सायटोकाइन दाह शमवतात आणि जखम भरून येण्यास वाट करून देतात. या कामात नियामक टी पेशींचा वाटा मोठा आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी ओळखल्या. त्यासाठी वापरलेली खूण, सीडी२५, हा इंटरल्यूकिन-२च्या ग्राहीचाच एक भाग आहे. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह साकागुची यांना याच विषयातील कार्याबद्दल २०२५चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

नियामक पेशींवर हा ग्राही इतर टी पेशींपेक्षा अधिक असतो, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ अल्प प्रमाणात असेल तर ते प्रथम त्यांनाच मिळते आणि प्रतिसाद शांत होतो. ते मोठ्या प्रमाणात दिले तर मारक पेशीही चवताळतात. म्हणूनच मोठ्या मात्रेतील इंटरल्यूकिन-२ला अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, तर अल्प मात्रेचा अभ्यास प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांसाठी केला जातो. रेणू एकच असून मात्रेनुसार त्याचे परिणाम परस्परविरोधी होतात.

औषधांची नवी वाट

आमवाती संधिवातात रुग्णाच्या सांध्यांत अनेक सायटोकाइन एकाच वेळी खदखदत असतात. त्यांतील एखादे रोखून काय साधणार, असा प्रश्न १९८०च्या दशकात विचारला जाई. लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवून दिले, की टीएनएफ रोखले तर इतरांचीही साखळी ढिली पडते. १९९२ मध्ये त्यांनी रुग्णांवर पहिली चाचणी घेतली आणि वर्षानुवर्षे जखडलेले सांधे मोकळे होऊ लागले. दोघांना २००३चे लास्कर पारितोषिक मिळाले. टीएनएफ रोखणारे अडॅलिम्युमॅब पुढे अनेक वर्षे जगातील सर्वाधिक खपाचे औषध ठरले. त्याची कमी किमतीची जैवसमान आवृत्ती २०१४ मध्ये प्रथम बाजारात आली, ती भारतात.

परंतु टीएनएफचे शरीरात विधायक कामही आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरले, तरी बहुतेकांमध्ये प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती तटबंदी उभारून त्यांना कोंडून ठेवतात. हा तट टिकवण्याचे काम टीएनएफ करते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद झाली. निम्म्याहून अधिक जणांमध्ये तो फुप्फुसाबाहेरचा होता. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथे हा इशारा विशेष मोलाचा. म्हणूनच अशी औषधे सुरू करण्यापूर्वी दडलेल्या क्षयाची तपासणी केली जाते. त्यासाठीच्या रक्ताच्या एका चाचणीत रुग्णाच्या टी पेशी किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, हेच मोजले जाते.

इंटरल्यूकिन-६चे जनुक जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये शोधले. त्याचा ग्राही अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध त्यातूनच पुढे आले. २०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे रक्ताचा कर्करोग झालेल्या सहा वर्षांच्या एका मुलीवर कार-टी हा नवा उपचार करण्यात आला. यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, कर्कपेशी ओळखण्यासाठी त्यांच्यात जनुकीय बदल करून परत सोडल्या जातात. पेशींनी काम चोख केले, पण सायटोकाइनच्या उद्रेकाने मुलगी मृत्यूच्या दारात पोहोचली. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ फार वाढल्याचे दिसताच डॉक्टरांनी संधिवातासाठीचे टोसिलिझुमॅब दिले आणि ती काही तासांतच सावरू लागली. कर्करोगही नाहीसा झाला. आज कार-टी उपचार जेथे होतात, तेथे हे औषध हाताशी ठेवले जाते.

या उपचाराचा पहिला भारतीय अवतार मुंबईत घडला. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्याने रुग्णांवर तपासलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो रुग्णांसाठी खुला करण्यात आला. कर्कपेशी ओळखणारा भाग मानवी प्रथिनाशी अधिक मिळताजुळता बनवण्यामागे सायटोकाइनचा उद्रेक सौम्य राहावा, हाही एक हेतू होता.

रुग्णाने काय जाणावे?

या सर्व ज्ञानातून सामान्य माणसासाठी काही साध्या गोष्टी निघतात. प्रतिकारशक्ती सरसकट वाढवणारी गोळी असू शकत नाही, कारण वाढवायचे काय, हा प्रश्न प्रत्येक आजारात वेगळा असतो. दम्याच्या रुग्णात जो प्रतिसाद आधीच अधिक आहे, तो आणखी वाढवणे हिताचे नाही. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करणे जितके धोक्याचे, तितकेच ते अचानक बंद करणेही. टीएनएफरोधक औषध घेणाऱ्याने दीर्घकाळचा ताप किंवा घटणारे वजन अंगावर काढू नये. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या औषधाने सीआरपी खाली येतो, त्यामुळे तो अहवालात सामान्य दिसला म्हणून संसर्ग नाही असे मानता येत नाही.

योग्य निरोप योग्य वेळी जाण्यासाठी शरीराला तयार करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे लसीकरण. लशीत जंतूची ओळख असतेच. शिवाय ती ओळख गांभीर्याने घेतली जावी, यासाठी पूरक द्रव्येही अनेक लशींत मिसळलेली असतात. खरा जंतू येतो तेव्हा त्याला ओळखणाऱ्या पेशी आधीच तयार असतात, त्यामुळे प्रतिसाद लवकर उभा राहतो आणि काम झाले की लवकर थांबतोही.

ठळक टप्पे

१९०८ : मेचनिकॉव्ह आणि अर्लिख यांना नोबेल पारितोषिक
१९५७ : आयझॅक्स आणि लिंडेनमन यांच्याकडून इंटरफेरॉनचा शोध
१९७४ : 'सायटोकाइन' ही संज्ञा रूढ होण्यास प्रारंभ
१९७५ : टीएनएफचा शोध
१९८६ : साहाय्यक टी पेशींच्या दोन प्रकारांची मांडणी, इंटरल्यूकिन-६च्या जनुकाचा शोध
१९९२ : संधिवातावर टीएनएफरोधक औषधाची पहिली चाचणी
१९९५ : नियामक टी पेशींची ओळख
२००६ : लंडनमधील टीजीएन१४१२ चाचणीतील दुर्घटना
२०२० : गंभीर कोविडमध्ये डेक्सामिथासोनची उपयुक्तता सिद्ध
२०२३ : भारतीय कार-टी उपचाराला मान्यता
२०२५ : नियामक टी पेशींवरील संशोधनाला नोबेल पारितोषिक